वाचकांचे प्रश्न: दुब्रोव्हनिकच्या मेन रोडवरची सगळी घरं एकसारखी का?

गेल्या अंकात क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकच्या मुख्य रस्त्याचे, म्हणजे स्त्रादूनचे, दोन पानं भरून फोटो छापले आणि खाली माहिती दिली चार ओळींची, त्यामुळे प्रश्न येणार होतेच आणि भरपूर आले. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात: एड्रियाटिक समुद्राच्या काठावर तटबंदीच्या आत वसलेलं जुनं शहर आहे, पश्चिमेच्या पिले दरवाजातून आत शिरलं की समोर सरळ, पांढऱ्या दगडाचा, साधारण ३०० मीटर लांबीचा रस्ता दिसतो आणि तो पूर्वेला घंटाघराच्या चौकात, लुझात, जाऊन संपतो. तिथून वळलं की जुनं बंदर. गावातले लोक याच रस्त्याला प्लात्सा पण म्हणतात. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच गोष्ट विचारलीय, म्हणून तीच आधी घेतो.

प्रश्न: आम्ही मे महिन्यात टूरबरोबर गेलो होतो. गाईड सारखी मध्ययुगीन रस्ता, मध्ययुगीन रस्ता म्हणत होती, पण दोन्ही बाजूंची घरं बघून मला तर म्हाडाची कॉलनी आठवली. एकच उंची, तशाच खिडक्या, तीच हिरवी झडपं. मध्ययुगात एवढी शिस्त होती का? (पुणे)

तुमचं निरीक्षण गाईडच्या माहितीपेक्षा जास्त बरोबर आहे. रस्ता मध्ययुगीन आहे, घरं नाहीत. म्हणजे रस्ता जिथून जातो ती रेघ, त्याला येऊन मिळणाऱ्या गल्ल्या, तटबंदी, हे सगळं मध्ययुगातलं, पण रस्त्याच्या दोन्ही हातांना जी घरांची रांग दिसते ती १७व्या शतकाच्या शेवटाशेवटाला उभी राहिलेली आहे आणि ती सरकारनेच ठरवून, नियम लावून उभी करवलेली आहे, त्यामुळे म्हाडा आठवलं यात काही चूक नाही.

झालं असं की ६ एप्रिल १६६७ ला, ईस्टरच्या आधीच्या बुधवारी सकाळी, मोठा भूकंप झाला. थोड्या वेळात बरंचसं शहर खाली आलं, मग चुलींतली आग पसरली, मग लुटालूट सुरू झाली. मेलेल्यांचे आकडे वेगवेगळे सांगतात, पण शहर आणि आसपासचा मुलूख धरून पाच हजारापर्यंतचा अंदाज नेहमी दिला जातो, आणि त्यात त्या महिन्याचा रेक्टर पण होता. ('त्या महिन्याचा' हे मुद्दाम लिहिलंय. दुब्रोव्हनिक हे स्वतंत्र प्रजासत्ताक होतं आणि त्याचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, फक्त एका महिन्यासाठी निवडला जायचा, कोणाच्या डोक्यात हवा जायला नको म्हणून.) आता कल्पना करा, सरकार चालवणारे निम्मे लोक ढिगाऱ्याखाली, समुद्राच्या बाजूला व्हेनिस टपून बसलेलं आणि डोंगराच्या पलीकडे ऑटोमन सुलतान, ज्याला हे लोक वर्षाला १२,५०० दुकाट (सोन्याची नाणी) खंडणी देऊन आपलं स्वातंत्र्य सांभाळून होते. गाव सोडून दुसरीकडे जाऊया असंही काही लोक बोलायला लागले होते.

इथे एका माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मारोयित्सा काबोगा नावाचा सरदार घराण्यातला गृहस्थ नातेवाइकाच्या खुनाबद्दल तुरुंगात होता, भूकंपात तुरुंग फुटला, हा बाहेर आला आणि पळून न जाता गाव सावरायला उभा राहिला, पुढे तर ऑटोमन दरबारात दुब्रोव्हनिकचा राजदूत म्हणून गेला. त्याच काळात राजदूत म्हणून गेलेला दुसरा एक सरदार, निकोला बुनिच, तिकडेच कैदेत १६७८ ला मेला. तेव्हा ती सरळ, शांत दिसणारी घरांची रांग उभी राहत होती ती असल्या काळात, पैसे नाहीत, माणसं नाहीत आणि शेजारी दोन्हीकडून डोळे लावून बसलेत.

रोममध्ये स्तेयपान ग्रादिच नावाचा दुब्रोव्हनिकचा विद्वान माणूस व्हॅटिकनच्या लायब्ररीत मोठ्या पदावर होता, त्याने पत्रांवर पत्रं लिहून गावकऱ्यांना धीर दिला, पोपकडून मदत मिळवली, आणि ज्युलिओ चेरुती नावाचा इंजिनीअर दुब्रोव्हनिकला धाडला गेला. मग सिनेटने, म्हणजे कारभार बघणाऱ्या सरदारांच्या सभेने, ठरवलं की मेन रोडवर जो तो आपल्या मनाला येईल तसं घर बांधणार नाही. उंची सारखी, दगड सारखा, तळमजल्यावर दुकान, वर राहायची जागा. हे सौंदर्यासाठी केलं असं आपल्याला आज वाटतं पण मला विचाराल तर यात घाई आणि हिशोब जास्त होता: एकच नमुना असला की गवंड्याला दर घराला नव्याने डोकं चालवावं लागत नाही, खिडकीची चौकट एकाच मापाची घडवून ठेवता येते, भिंतीला भिंत लागून असते त्यामुळे दगड वाचतो आणि दुकानं लवकर सुरू होतात. व्यापारावर जगणाऱ्या गावाला दुकानं बंद ठेवणं परवडत नव्हतं.

प्रश्न: मग भूकंपाच्या आधी हा रस्ता कसा दिसायचा हे कशावरून कळतं? फोटो तर नव्हते. (नागपूर)

चित्रं आहेत. डॉमिनिकन मठात निकोला बोझिदारेविच या चित्रकाराचं १५०० सालाच्या आसपासचं एक चित्र आहे, त्यात गावाचा रक्षक संत ब्लेझ हातात अख्खं शहर घेऊन उभा आहे, छोटं मॉडेल धरल्यासारखं. संताच्या चर्चमध्ये त्याची सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची मूर्ती आहे, तिच्याही हातात भूकंपाआधीचं शहर आहे. त्याशिवाय या प्रजासत्ताकाला कागद जपायची भारी हौस, शेकडो वर्षांचे ठराव, करार, हिशोब आजही अर्काइव्हमध्ये आहेत. एकूण चित्र असं की घरं गॉथिक (मध्ययुगातली, टोकदार कमानींची) आणि रेनेसाँ (त्यानंतरची, गोल कमानींची) धाटणीची, जास्त नटवलेली, काहींना पुढे कमानींचे ओटे, प्रत्येकाचा थाट वेगळा.

आणि काही इमारती वाचल्याच. रस्त्याच्या पश्चिम टोकाला, पिले दरवाजातून आत आलात की लगेच डाव्या हाताला, सेंट सेव्हिअरचं छोटं चर्च आहे. १५२० च्या भूकंपातून गाव वाचलं म्हणून नवस फेडायला ते बांधलं, कोरचुला बेटावरच्या आंद्रियिच घराण्यातल्या पेतारने, आणि १६६७ मध्ये आजूबाजूचं सगळं पडलं तरी याला काही झालं नाही. नवसाची इतकी वसुली फार कमी इमारतींच्या नशिबी येते. दुसऱ्या टोकाला स्पोंझा पॅलेस, १५१६ ते १५२२ या काळात बांधलेला, डिझाइन पास्कोये मिलिचेविचचं. हा मात्र नीट थांबून बघा. खाली रेनेसाँ कमानींचा ओटा, वरच्या मजल्यावर व्हेनिसच्या पद्धतीच्या गॉथिक खिडक्या आणि त्याच्याही वर पुन्हा साध्या रेनेसाँ खिडक्या, म्हणजे एकाच दर्शनी भिंतीत दोन जमाने, आणि तरीही ते विजोड वाटत नाही. भूकंपाआधीच्या रस्त्याची चव घ्यायची असेल तर या एका इमारतीत मिळते.

स्पोंझा म्हणजे गावाचं जकात घर. टांकसाळही तिथेच होती. आतल्या चौकात जिथे तराजू टांगायचे त्या कमानीवर लॅटिनमध्ये कोरलंय, त्याचा आशय असा: आमची मापं फसवूही देत नाहीत आणि फसूही देत नाहीत, मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. जकात अधिकाऱ्याच्या डोक्यावर हे वाक्य. पुढचं तुम्ही समजून घ्या.

प्रश्न: रस्त्याच्या जागी आधी समुद्र होता असं यूट्यूबवर ऐकलं. खरंय की टुरिस्टांसाठी रचलेली गोष्ट? (औरंगाबाद)

पाणी होतं हे खरं, समुद्र म्हणण्याएवढं खोल मात्र नव्हतं. जुनी गोष्ट अशी सांगतात की ७व्या शतकात एपिदाउरुम, म्हणजे आजचं जवळचंच त्साव्तात गाव, उद्ध्वस्त झाल्यावर तिथले लॅटिन बोलणारे लोक पळून इथल्या खडकाळ बेटावर आले, समोर स्रज डोंगराच्या पायथ्याशी स्लाव लोकांची वस्ती होती, मधे उथळ पाण्याचा, दलदलीचा पट्टा. तो हळूहळू भरत गेला, भरवला गेला, आणि ११व्या-१२व्या शतकाच्या सुमाराला दोन्ही वस्त्या एक झाल्या. जिथे दलदल होती तिथे मेन रोड.

आता यातला 'निर्वासितांनी ओसाड खडकावर गाव वसवलं' हा भाग तेवढा साधा राहिलेला नाही. १९७९ च्या भूकंपानंतर कॅथेड्रलची दुरुस्ती करताना खाली खणलं तर बायझंटाइन काळातल्या एका मोठ्या चर्चचे अवशेष मिळाले, आणि पळून आलेल्या मूठभर लोकांना एवढं चर्च लागत नाही, त्यामुळे इथली वस्ती आधीची आणि चांगली मोठी असणार असं आता मानतात. भरावाचा भाग मात्र पायांना कळतो. स्त्रादून अगदी सपाट आहे आणि दोन्हीकडच्या गल्ल्या चढत जातात, उत्तरेकडच्या तर जिनेच आहेत. पाण्याने भरलेली बशी बुजवली की मधोमध सपाटी राहणारच.

उत्तरेच्या त्या गल्ल्या इतक्या सरळ आणि एकमेकींना समांतर का, हे एका वाचकाने वेगळं विचारलंय, त्याचं उत्तर इथेच देतो. १२९६ मध्ये मोठी आग लागली आणि त्यानंतर तो भाग नीट आखून काढला. त्याच्या आधी १२७२ चा गावाचा कायदाग्रंथ होताच, त्यातही घरं आणि रस्ते यांबद्दल नियम होते. म्हणजे १६६७ च्या सिनेटने अचानक शिस्त शोधून काढली असं नाही, आग लागली की नकाशा काढायचा ही या गावाची जुनी खोड.

प्रश्न: दुकानांची दारं अर्धी दार आणि अर्धी खिडकी अशी का? (सांगली)

फोटोत एवढं बारीक बघितलंत, छान वाटलं. त्या दाराला तिकडे 'गुडघ्याचं दार' अशा अर्थाचं नाव आहे. एकच मोठी अर्धगोल कमान असते, तिच्या खाली एका बाजूला जमिनीपर्यंत दार, आणि उरलेल्या भागात साधारण कमरेच्या खाली येईल अशी दगडी बैठक आणि वर उघडी खिडकी. ती बैठक म्हणजेच काउंटर. दुकानदार आत उभा राहणार, दार लावलेलं असलं तरी चालतं, गिऱ्हाईक रस्त्यावर, माल दगडावरून इकडून तिकडे. आत सगळ्यांना घ्यायची गरज नाही, चोरीची भीती कमी, आणि दुकान अरुंद असलं तरी उजेड भरपूर येतो कारण कमान मोठी आहे. भूकंपाच्या आधीही ही पद्धत डाल्मेशियाच्या, म्हणजे क्रोएशियाच्या या भागातल्या, किनाऱ्यावर होतीच, नव्या रांगेत ती फक्त घरोघर एकसारखी बसवली.

आज तिथे आइस्क्रीम, दागिने आणि फुटबॉल टीमचे टी-शर्ट मिळतात आणि बऱ्याच दुकानांत तो दगडी काउंटर नुसता शोकेस झालाय. एक गोष्ट मात्र आवडण्यासारखी, मोठमोठे बोर्ड लावायला परवानगी नाही, दुकानाचं नाव दारावरच्या कंदिलावर लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या कुठल्याही पेठेतून आलेल्या माणसाला आधी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आणि मग लक्षात येतं की फ्लेक्स नाहीयेत.

प्रश्न: स्वयंपाकघर सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं असं तुमच्या चार ओळींत होतं. पाणी वर नेताना बायकांचे हाल होत असतील! (ठाणे)

होत असणारच, आणि श्रीमंतांच्या घरी मोलकरणींचे. पण कारण सरळ आहे, १६६७ मध्ये भूकंपाने जे वाचलं ते आगीने नेलं. चूल तळमजल्यावर असली आणि आग लागली तर ती वर चढत चढत पूर्ण घर घेते आणि मग शेजारचं. चूल माळ्यावर असली तर फार तर छप्पर जाईल, खालचे मजले वाचतात. धूर आणि वासही वरच्या वर जातो. त्या जुन्या घरांचे मजले नि जिने लाकडी, त्यामुळे ही काळजी उगाच नव्हती.

प्रश्न: सगळ्यांची घरं सारखी म्हणजे त्या काळात तिथे समानता होती असं म्हणायचं का? (कोल्हापूर, कॉलेज विद्यार्थी)

अजिबात नाही, आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं कारण टुरिस्ट माहितीपत्रकांत असा काहीतरी गोड सूर असतो. दुब्रोव्हनिकमध्ये सत्ता फक्त सरदार घराण्यांकडे होती. मोठी सभा, सिनेट, रेक्टर, सगळं त्यांचंच. श्रीमंत व्यापारी कितीही श्रीमंत असला तरी घराणं नसेल तर सभेत जागा नाही. भूकंपात इतके सरदार मेले की सभा भरवायला माणसं पुरेनात, म्हणून काही व्यापारी घराण्यांना सरदारकी दिली, तर जुन्या घराण्यांनी त्यांच्याशी सोयरीक करायला नकार दिला! पुढे या नव्या-जुन्याचे दोन गट पडले आणि एकमेकांत लग्नं न करण्यापर्यंत ते ताणलं. बाहेरून एकसारखी भिंत आणि आत कोणाची मुलगी कोणाच्या घरी द्यायची यावरून हे असं.

त्या प्रजासत्ताकाच्या नावावर चांगल्या गोष्टीही आहेत हे खरं, १३७७ मध्ये साथीच्या गावांतून येणाऱ्यांना ३० दिवस वेगळं ठेवायचा कायदा केला आणि १४१६ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. पण ते घरांच्या उंचीवरून सिद्ध होत नाही. मेन रोडची एकसारखी उंची हा सिनेटचा हुकूम होता, आणि हुकूम देणाऱ्यांचे स्वतःचे वाडे आतल्या गल्ल्यांत आणि गावाबाहेर बागांमध्ये होते, तिथे त्यांनी पाहिजे तसा थाट केलाच.

प्रश्न: कापडाचा धंदा आहे म्हणून विचारतो. चौकात हातात तलवार घेतलेल्या शिपायाचा दगडी खांब आहे, त्याच्या हाताने कापड मोजायचे हे खरं का? (इचलकरंजी)

खरं आहे. तो ओर्लांदोचा खांब, १४१८ चा, मिलानच्या बोनिनोने घडवलेला. ओर्लांदो म्हणजे फ्रेंच दंतकथांमधला वीर रोलां. त्याच्या उजव्या हाताचा कोपरापासून पुढचा भाग हे गावाचं अधिकृत माप, 'दुब्रोव्हनिकचा हात', ५१.२ सेंटिमीटर. गिऱ्हाइकाला शंका आली की व्यापाऱ्याला इथे आणून मापून दाखवायला लावायचं. स्पोंझाच्या अगदी जवळ, चौकाच्या मधोमध, म्हणजे जकात घराचा तराजू इकडे आणि कापडाचं माप तिकडे, वाद झाला तर फार लांब जायला नको.

सरकारी घोषणा पण इथूनच व्हायच्या आणि प्रजासत्ताकाचा झेंडा याच खांबावर. गावात एक कथा सांगतात की ओर्लांदोने ९व्या शतकात अरबांच्या वेढ्यातून दुब्रोव्हनिक वाचवलं. खरा रोलां ७७८ मध्ये मेला, त्यामुळे ती सोडून द्या. युरोपात, जास्त करून जर्मन मुलखात, ज्या शहरांना व्यापाराचे आणि स्वतःच्या कारभाराचे हक्क होते ती शहरं चौकात रोलांचा पुतळा उभा करायची, ब्रेमेनचा १४०४ चा पुतळा प्रसिद्ध आहे. दुब्रोव्हनिक तेव्हा हंगेरीच्या राजाचं वर्चस्व मानून होतं पण कारभार स्वतःचा, आणि व्हेनिसच्या हाताखालून १३५८ ला सुटलेलं. व्हेनिसहून येणाऱ्या प्रत्येकाला चौकात शिरल्या शिरल्या तो पुतळा दिसावा हा मतलब होताच.

प्रश्न: रस्त्याच्या सुरुवातीला घुमटवाली मोठी टाकी आहे. त्यात पाणी अजून कसं येतं? (सोलापूर, पाणीपुरवठा खात्यातून रिटायर)

ती ओनोफ्रियोची मोठी कारंजी-टाकी. नेपल्सकडचा ओनोफ्रियो देल्ला काव्हा हा इंजिनीअर बोलावून १४३० च्या दशकात शुमेतच्या झऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरचा पाट बांधून घेतला, पंप नाही काही नाही, नुसता उतार. १४३८ मध्ये पाणी गावात आलं. त्याआधी लोक पावसाचं पाणी हौदांत साठवून भागवायचे. टाकी १६ बाजूंची, प्रत्येक बाजूला दगडी मुखवटा आणि त्याच्या तोंडातून पाण्याची धार. वर बरीच सजावट होती ती १६६७ ला गेली आणि परत केलीच नाही, म्हणून घुमट असा बोडका दिसतो. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला छोटं कारंजं आहे ते पण त्याच पाण्यावर, त्यावरचं कोरीव काम मिलानच्या पिएत्रो दि मार्तिनोचं. तुम्ही पाण्यातले माणूस आहात म्हणून सांगतो, बाटली घेऊन जा, टुरिस्ट तिथेच भरून घेतात.

प्रश्न: रस्ता आरशासारखा चमकतो. पॉलिश मारतात का? (नाशिक)

नाही, पाय घासून झालंय. चुनखडीचा दगड आहे. पहिली फरसबंदी १४६८ ची, नंतर लाद्या बदलल्या आहेत पण दगडाची जात तीच. पावसात भयंकर घसरतं, गुळगुळीत सोलचे बूट घालून जाऊ नका.

प्रश्न: आमच्या गोव्यात गवंडाळीला साव ब्राझ, म्हणजे याच संत ब्लेझचं चर्च आहे आणि ते दुब्रोव्हनिकच्या खलाशांनी तिथल्या चर्चची कॉपी म्हणून बांधलं असं सांगतात. तुम्ही त्याचा उल्लेखही केला नाहीत! (फोंडा)

चार ओळींत कुठे बसवणार होतो, पण आता सविस्तर. कुंभारजुव्याजवळचं गवंडाळीचं हे चर्च आणि दुब्रोव्हनिक यांचा संबंध १६व्या शतकापासूनचा आहे अशी परंपरा तिथे आहे, क्रोएशियातून संशोधक आणि सरकारी पाहुणे ते बघायला येऊन गेलेत, आणि ही गोष्ट अशक्य मुळीच नाही. दुब्रोव्हनिकची जहाजं आणि खलाशी तेव्हा भूमध्य समुद्रभर होते, पोर्तुगीज व्यापारात शिरलेले होते, आणि परदेशात गेले की आपल्या संताची मूर्ती नि चर्च करायचं ही त्यांची सवय होतीच. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवायच्या. एक म्हणजे साव ब्राझ हा पोर्तुगालमध्येही खूप लोकप्रिय संत, घशाच्या दुखण्यावर त्याला नवस बोलतात, तेव्हा नुसत्या नावावरून दुब्रोव्हनिकचा पुरावा मिळत नाही.

दुसरी गोष्ट या रस्त्याशी जोडलेली. लुझा चौकात आज जे संत ब्लेझचं चर्च उभं आहे ते १७१५ चं आहे, व्हेनिसच्या मारिनो ग्रोपेल्लीने बांधलेलं, बरोक, घुमटवालं, पुढे रुंद पायऱ्या. त्याच्या जागी जे जुनं चर्च होतं ते १६६७ च्या भूकंपातून वाचलं आणि १७०६ च्या आगीत जळलं, मघाशी सांगितलेली चांदीची मूर्ती तेवढी राहिली. त्यामुळे १६व्या शतकातल्या खलाशांनी गवंडाळीला कॉपी केली असेल तर ती त्या जळून गेलेल्या चर्चची, आजचं समोर ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. तुमच्याकडे आणि तिकडे फेस्त मात्र एकाच दिवशी, ३ फेब्रुवारीला. दुब्रोव्हनिकमध्ये त्या दिवशी संताच्या अवशेषांची मिरवणूक याच रस्त्यावरून निघते, हा उत्सव युनेस्कोच्या यादीत २००९ ला गेला. कधी जमलं तर दोन्ही बघा, एका वर्षी एक.

प्रश्न: १९९१ च्या युद्धात हा रस्ता उडवला होता ना? मग तुम्ही म्हणता ती १७व्या शतकातली घरं परत नवीन बांधलेली आहेत का? (मुंबई)

उडवला नाही, पण जबरदस्त मारा झाला. क्रोएशिया ज्या देशातून फुटून निघाला त्या युगोस्लाव्हियाच्या सैन्याने ऑक्टोबर १९९१ पासून शहराला वेढा घातला होता आणि सगळ्यात वाईट दिवस ६ डिसेंबर १९९१. जुन्या शहरात ८२४ इमारती, त्यातल्या ५६३ ना तोफगोळे लागले, आणि नऊ इमारती आगीत पूर्ण जळाल्या. शहर १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात होतं, त्याचं निशाण तटावर फडकत होतं, उपयोग शून्य. मग १९९१ ला धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेलं आणि १९९८ ला बाहेर आलं.

दुरुस्ती फार नेकीने केली. दगड त्याच जातीचा, कारागीर जुन्या पद्धतीने काम करणारे, फुटलेल्या लाद्या बदलल्या. म्हणून रस्त्यावर चालताना पटकन काही कळत नाही, भिंतींवर खवले उडालेल्या खुणा शोधाव्या लागतात. कळतं ते तटावर चढल्यावर. जुन्या कौलांचा रंग फिका पिवळट-तपकिरी आणि नवीन कौलं लालभडक, आणि लाल किती जास्त आहेत ते बघून मग आकडे वाचायची गरज उरत नाही. पिले दरवाजाजवळ एक नकाशा लावलाय, कुठल्या इमारतीवर काय पडलं ते खुणांनी दाखवलेलं, बहुतेक ग्रुप त्याच्यासमोर तिकिटं काढायला उभे असतात आणि बघत नाहीत. स्पोंझामध्ये शहर वाचवताना मेलेल्यांच्या फोटोंची खोली आहे. बरेच चेहरे विशी-पंचविशीतले आहेत.

बाकी गावाचं खरं नुकसान तोफांपेक्षा गर्दीने जास्त होतंय हे माझं मत. तटबंदीच्या आत १९९१ च्या सुमाराला पाच हजारांच्या आसपास लोक राहायचे, आता दीड हजारही धरवत नाहीत, वरच्या मजल्यांवरची बिऱ्हाडं जाऊन तिथे भाड्याच्या खोल्या झाल्या. तळमजल्यावर दुकान, वर संसार, त्याच्या वर चूल, या हिशोबाने सिनेटने जी घरं बांधली त्यातलं दुकान तेवढं चालू आहे. क्रूझवर मर्यादा घातलीय, एका वेळी दोनच मोठी जहाजं, त्याने थोडा फरक पडला असं म्हणतात.

प्रश्न: आई-बाबांना घेऊन सप्टेंबरमध्ये जायचंय, दोघंही सत्तरीच्या पुढचे. जमेल का? (बंगळुरू)

स्त्रादूनवर काहीच अडचण नाही, सपाट आहे, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रमतगमत गेलं तरी दहा मिनिटं, कट्टे आणि कॅफे भरपूर, कॉफी मात्र मेन रोडवर महाग आहे, एक गल्ली आत शिरा. तटावरची फेरी जवळजवळ दोन किलोमीटर आणि चढउताराची आहे, गुडघे दुखत असतील तर त्यांना खाली बसवून तुम्ही जाऊन या. क्रूझवाले सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत असतात, म्हणून आठच्या आत किंवा संध्याकाळी निघा, संध्याकाळी दगडही तापलेला नसतो. आणि राहायचं तटाच्या आत ठरवलंत तर बुकिंगच्या आधी गल्लीचं नाव विचारा. स्त्रादूनच्या उत्तरेला प्रियेको म्हणून समांतर गल्ली आहे, तिच्याही वर खोली असेल तर सगळ्या पायऱ्या आहेत, गाडी येत नाही, बॅगा आपल्यालाच उचलाव्या लागतात. दक्षिणेच्या बाजूची खोली मिळत असेल तर तीच घ्या, आणि इमारतीतला जिना किती मजल्यांचा आहे हे पण लेखी विचारून घ्या, कारण लिफ्ट १६६७ च्या प्लॅनमध्ये नव्हती.